पहाडातले लग्न आणि कॅमेऱ्याचे घड्याळ

मसुरीच्या हॉटेलात उतरलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या खोलीत एक छापील कागद ठेवलेला होता. त्यावर दोन दिवसांचा कार्यक्रम होता आणि तो मुहूर्तांपेक्षा प्रकाशाच्या हिशेबाने बसवलेला होता. पहिल्या दिवशी चार वाजता गच्चीवर कुटुंबाची छायाचित्रे, नंतर मेंदी. दुसऱ्या दिवशी पावणेपाच ते सव्वापाच अंतरपाट, अक्षता आणि वरमाला. त्या ओळीपुढे कंसात ‘सोनेरी प्रकाश’ असे शब्द होते. भोजनाची वेळ दोन्ही दिवशी साडेपाच अशी छापली होती.

कागद छापून येईपर्यंत ही वेळ कोणाच्या नजरेला खटकली नव्हती. कुटुंब सांगली जिल्ह्यातले. घरात रात्रिभोजनत्याग पिढ्यान्‌पिढ्यांचा. नोव्हेंबरच्या अखेरीस सांगलीत सूर्य मावळतो तो सहाला दोन-चार मिनिटे कमी असताना. साडेपाचला पाने वाढली की घाईघाईने का होईना, निभावते. पण मसुरी सांगलीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे तेथे सूर्यास्त साधारण चौदा मिनिटे आधी होतो. आणि बरीच उत्तरेला आहे, त्यामुळे हिवाळ्याचा दिवस आखूड होऊन आणखी पंचवीस मिनिटे जातात. त्या दिवशी तेथील सूर्यास्त होता सव्वापाचच्या सुमारास. ज्यांच्या लग्नासाठी वऱ्हाड सह्याद्रीपासून हिमालयापर्यंत आणले, त्यांनी विमानाची, मोटारींची, गरम कपड्यांची सगळी तजवीज केली होती. सूर्याची तेवढी राहून गेली.

वधूची आजी, घरातल्या आक्का, एक्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी विमान नको म्हटले म्हणून धाकटा मुलगा त्यांना मिरजेहून गोवा एक्सप्रेसने दिल्लीपर्यंत आणि तिथून मोटारीने वर घेऊन आला. दोन दिवसांच्या प्रवासात त्यांनी घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या, गाळलेल्या पाण्याची बाटली हातातून सोडली नाही आणि तक्रारीचा शब्द काढला नाही. पहिल्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास त्या जेवल्या. चार वाजता त्यांना शाल पांघरून गच्चीवर नेण्यात आले.

मसुरी साधारण २००० मीटर उंचीवर, डोंगराच्या धारेवर वसलेली आहे. खाली दक्षिणेला दून खोरे. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तेथे संध्याकाळी पश्चिमेला एक विलक्षण देखावा दिसतो. खोऱ्यावर साचलेल्या धुळीच्या आणि बाष्पाच्या थरामुळे खऱ्या क्षितिजाच्या वर दुसरी एक सरळ रेघ उमटते. तिच्या खाली करडा-जांभळा पट्टा, वर पिवळा, नारिंगी आणि तांबूस रंग. तेथील लोक तिला ‘विंटरलाइन’ म्हणतात. सूर्य या खोट्या क्षितिजात बुडतो आणि खरे क्षितिज गाठण्याआधीच दिसेनासा होतो. चित्रीकरण करणाऱ्या पथकाने हे ठिकाण सुचवले ते मुख्यतः या रेघेसाठी. पथकाचा प्रमुख कोल्हापूरचा तरुण होता. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, त्या गावच्या माणसाला प्रकाशाचे वेड असले तर नवल नाही. मूकपटांच्या काळात चित्रण बहुतांशी सूर्याच्या भरवशावर होत असे. आजचे कॅमेरे अंधारातही पाहतात. तरी सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याची किरणे हवेच्या जाड थरातून येतात, निळा रंग वाटेत विखुरतो, उरलेला प्रकाश उबदार आणि मऊ होतो, चेहऱ्यावरच्या सावल्या सौम्य पडतात. या घटकेला पर्याय यंत्राने दिलेला नाही. ती असते फार तर पाऊण-एक तासाची.

त्या पाऊण तासात कुटुंबाची छायाचित्रे आटोपायची होती. आटोपली नाहीत. एक मामा खोलीत फेटा बांधत बसले होते, दोन मुले बर्फ कुठे आहे म्हणून खालच्या रस्त्याला गेली होती, वाऱ्याने पदर उडत होते. आक्का खुर्चीत मध्यभागी बसलेल्या, त्यांच्याभोवती माणसे येत-जात होती. प्रत्येक वेळी ‘आजी, इकडे बघा, आता शेवटचा’ असे होत राहिले. त्या सांगलीला पाच वाजता जेवून हात धुतात. काटेकोर पाळणारे सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे आधीच अन्न-पाणी थांबवतात, आक्का त्यातल्या. पाचच्या सुमारास त्यांना खाली आणले तेव्हा त्यांनी जिन्याच्या खिडकीतून पश्चिमेकडे पाहिले. सूर्याची कड जांभळ्या पट्ट्याला टेकली होती. त्या भोजनगृहाकडे वळल्याच नाहीत. खोलीत जाऊन सामायिकाला बसल्या.

हे कोणाच्या लक्षात आले रात्री आठ वाजता, नात गरम दूध घेऊन गेली तेव्हा. बाहेर पारा पाच-सहा अंशांवर उतरला होता. आक्का पांघरुणात बसून जप करीत होत्या. दूध त्यांनी घेतले नाही, पाणीही नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदय सात वाजण्याच्या जरा आधी आणि त्यानंतरच्या दोन घटका सोडल्यावर पाऊणेआठला पारणे. दुपारी एकपासून तोवरचा हिशेब नातीने बोटांवर केला: जवळजवळ एकोणीस तास. तिने चौकशी केली तेव्हा कळले की आक्का एकट्या नव्हत्या. एकशेऐंशी पाहुण्यांपैकी तीस-पस्तीस वडीलधारी माणसे तशीच निजली होती. व्रत पाळणारी माणसे बहुधा यजमानाला सांगत नाहीत. आपल्यामुळे कोणाच्या आनंदात विघ्न नको, ही त्यांची रीत. तिचा गैरफायदा कोणी मुद्दाम घेत नाही, पण कार्यक्रमपत्रिका छापताना तो आपोआप घेतला जातो.

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत नावाचे एक व्रत आहे. दहा दिशांना आपण कुठवर जाऊ याची मर्यादा जन्मभरासाठी आखून घ्यायची. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात ही मर्यादा कशाने ठरवावी ते सांगताना समुद्र, नदी, अरण्य, देश आणि योजने यांच्याबरोबर पर्वतही गणला आहे. पर्वत म्हणजे जेथे थांबायचे ती जागा. आज पर्वत हे जेथे जायचे ते ठिकाण झाले आहे. काळ बदलला, साधने बदलली आणि नोकरीसाठी देशोदेशी गेलेल्या मुलांना कोणी दिग्व्रताचा आग्रह धरीत नाही. पण त्याच्या जोडीला अनर्थदंडविरती आहे, निष्कारण होणाऱ्या हिंसेपासून दूर राहण्याचे व्रत; त्याला काळाची सबब चालत नाही. आणि विवाह व पर्वत हे दोन शब्द जैन घरात एकत्र उच्चारले की नेमिकुमारांची वरात आठवल्याशिवाय राहत नाही. मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते तोरणापासून परतले आणि गिरनारला गेले. ती कथा लग्नाच्या विरोधात सांगितली जात नाही. रथात बसलेल्या वराला बाहेरचा आवाज ऐकू आला, एवढे तिच्यात महत्त्वाचे आहे.

आणखी एक गोष्ट अलीकडचीच आहे. २०२२ च्या अखेरीस सम्मेदशिखराच्या प्रश्नावर सारा समाज रस्त्यावर उतरला होता. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाचा तो पहाड पर्यटनस्थळ होऊ नये, तेथे मद्य, मांस, मोठ्या आवाजाचे संगीत नको, ही मागणी होती. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटन व इको-टुरिझमच्या तरतुदींना स्थगिती दिली. मोर्चात सांगली-कोल्हापूरचे लोक होते, मसुरीला आलेल्या पाहुण्यांतही त्यांतले काही असतील. आपल्या पहाडासाठी मागितलेली शांतता दुसऱ्याच्या पहाडाला देण्याचा प्रश्न आला की ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत चालतो, याची चौकशी होते. मसुरी हे तीर्थ नव्हे, हे खरे. तेथील माणसांचे ते गाव आहे.

रात्री दहा वाजता नातीने चित्रीकरण-प्रमुखाला बोलावले. तिचे वडील, घरातले अण्णा, रागावलेले होते. पैसे देऊन आणलेल्या माणसांनी आपल्या आईला उपाशी ठेवले, असा त्यांचा सूर होता. तो न्याय्य नव्हता. कागदाला संमती त्यांनीच दिली होती. तरुणाने ते बोलून दाखवले नाही. तो आक्कांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

“आजी, मला कोणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही,” तो म्हणाला.

“तुझी काय चूक बाळ? तू सूर्याकडं बघत होतास, मीही त्याच्याकडंच बघत होते,” आक्का म्हणाल्या. “पण मला एक सांग. तुझा तो चांगला उजेड दिवसातून एकदाच असतो का?”

या प्रश्नाचे उत्तर त्याला अर्थातच ठाऊक होते. प्रकाशाची ती घटका दोनदा येते. लग्नाच्या चित्रफितींत सकाळ वापरली जात नाही, याचे कारण वधूच्या शृंगाराला पहाटे तीनला बसावे लागते, पाहुणे उठत नाहीत आणि रोषणाई दिसत नाही. प्रकाशाला त्याचे काही देणेघेणे नसते. उलट पहाडात सकाळ अधिक सोयीची. दिवस चढू लागला की तापलेली हवा खोऱ्यातून वर चढते आणि दुपारनंतर धारेवर वारा सुटतो. सकाळी तो बहुतेक पडलेला असतो. शिवाय नोव्हेंबरच्या शेवटी मसुरीत भर दुपारीही सूर्य चाळीस अंशांच्या वर जात नाही. सांगलीत तो पन्नाशी ओलांडतो. म्हणजे सकाळी नऊला तो तेथे जेमतेम बावीस-तेवीस अंशांवर असतो. किरणे तिरपी, सावल्या लांब. हे त्याने उभ्या-उभ्या अण्णांना समजावले. उपाध्यांनी दोन मुहूर्त काढून दिलेले होते, सकाळी नऊ वाजून छत्तीस मिनिटांचा आणि संध्याकाळचा. संध्याकाळचा निवडला होता तो त्या रेघेसाठी. रात्री अकरा वाजता निवड बदलली. स्वयंपाकघराला, मांडववाल्याला, बँडवाल्याला निरोप गेले. वराकडची मंडळी बेळगावची. त्यांच्यातल्या एका काकांनी हा निरोप ऐकून ‘बरं झालं’ एवढेच म्हटले. तेही त्या संध्याकाळी जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशीच्या विधींचे वर्णन करण्याचे कारण नाही. विनायक यंत्राचे पूजन, मंगलाष्टके, अक्षता, सप्तपदी, सारे जसे सांगलीला झाले असते तसेच झाले. सांगण्यासारखे आहे ते कॅमेऱ्याच्या बाजूचे.

थंडीत बॅटऱ्या लवकर दम टाकतात. पथकातल्या मुलांनी त्या स्वेटरच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवल्या होत्या. गच्चीवरून तापवलेल्या दालनात कॅमेरा आणला की भिंगावर दव धरते, म्हणून तो आधी बंद पिशवीत घालून आत आणायचा आणि तापमान सारखे झाल्यावर काढायचा. या गोष्टी ज्या छायाचित्रकाराला ठाऊक नसतात तो मैदानात कितीही नावाजलेला असला तरी पहाडात फसतो. त्याहून फसवा असतो आवाज. चित्र पुष्कळ कोनांतून मिळते, मंगलाष्टके एकदाच म्हटली जातात, आणि वाऱ्याची एक झुळूक माइकवरून गेली की शब्द घरघरीत बुडतात. उपाध्यांच्या उपरण्याला लहानसा माइक लावला होता, दुसरा चौरंगाच्या आडोशाला, दोन्हींवर केसाळ टोपडी. पाहुण्यांनी त्या टोपड्यांची बरीच थट्टा केली.

ड्रोनवरून थोडा वाद झाला. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटलेले आहे. हिरव्या विभागात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात नियंत्रकांची लागते, लालमध्ये केंद्र सरकारची. अडीचशे ग्रॅमपर्यंतचे यंत्र सोडले तर व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे चालकाचे प्रमाणपत्र असावे लागते. लष्करी व शासकीय संस्था जवळ असलेल्या भागात आणि सीमेलगतच्या राज्यांत नकाशा पाहिल्यावाचून यंत्र हवेत सोडू नये. पथकाकडे कागदपत्रे होती, जागा हिरवी होती. तरी विधी सुरू असताना ते उडणार नाही, असे वधूने आदल्या रात्रीच बजावले होते. वराच्या मित्रांचा आग्रह होता की अक्षता पडताना वरून दृश्य हवेच. मसुरीच्या कड्यांवरून हिमालयी गिधाडे आणि दाढीवाली गिधाडे तरंगत जातात. सकाळी हवा तापू लागते तसे ते पक्षी वर येतात, आणि पंखांचे ते भिरभिरणारे यंत्र त्यांच्या वाटेत शिरले तर इजा पक्ष्यालाच होते. शेवटी विधीपूर्वी, पक्षी वर येण्याआधी, दहा मिनिटे यंत्र उडाले आणि खाली आले. चित्रफितीत त्यातले चौदा सेकंद आहेत. तेवढे पुरतात.

खरा प्रसंग सप्तपदीच्या वेळी उभा राहिला. पाचव्या पावलाला एका पाहुण्याने मोबाइल पुढे धरला आणि कॅमेऱ्यापुढे त्याचा हात आला. पथकातला एक मुलगा सवयीने म्हणाला, “गुरुजी, हे एक पाऊल परत घेऊ या का?” आजकाल पुष्कळ मांडवांत ते परत घेतले जाते. उपाध्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, “दिलेलं वचन पुन्हा देता येत नाही. दुसऱ्यांदा दिलं तर पहिलं खोटं ठरेल.” सहावे पाऊल पडले. चित्रफितीत पाचव्या पावलाच्या जागी एक मोबाइल धरलेला हात आहे. संकलनात तो वगळता आला असता. वधूने वगळू दिला नाही.

पाने साडेदहाला वाढली. जिलेबी, मसालेभात, कटाची आमटी, कांदा-लसूण-बटाट्यावाचून. हॉटेलच्या आचाऱ्यांना बटाट्यावाचून लग्न होते हे पटवायला सांगलीहून गेलेल्या आचाऱ्याला दोन दिवस लागले होते. आक्का पहिल्या पंगतीला बसल्या. दुसरे जेवण दुपारी पावणेचारला ठेवले. साडेचारपर्यंत सगळ्यांचे हात धुऊन झाले होते.

अशा लग्नांचे बेत ठरवताना कुटुंबे चित्रीकरणाचा खर्च विचारतात, नमुन्याच्या चित्रफिती पाहतात. पथकप्रमुखाला त्या दिवशीच्या त्या गावच्या सूर्यास्ताची वेळ आणि घरातल्या व्रतस्थ माणसांची संख्या लिहून द्यावी, हे कोणाला सुचत नाही. कोणत्या विधीत कॅमेरा किती अंतरावर थांबेल, हेही आधी बोललेले बरे. मूळ चित्रण दोन वेगळ्या डिस्कवर त्याच रात्री उतरवले जाते का आणि त्या डिस्क परतीच्या प्रवासात वेगवेगळ्या पिशव्यांतून जातात का, हा प्रश्न तर खर्चाच्या आधी विचारावा. घाटात एक पिशवी हरवली तर लग्न पुन्हा लावता येत नाही. चित्रफीत पथकाच्या जाहिरातीसाठी समाजमाध्यमांवर जाणार की नाही, ते करारात असावे. घरातल्या लेकी-सुनांचे चेहरे कोणाच्या फलकावर झळकावेत, हे त्यांनीच ठरवायचे.

आणि कचरा. २०१९ च्या जून महिन्यात औलीला एका धनाढ्य कुटुंबातली दोन लग्ने झाली. उत्तराखंड उच्च न्यायालयाने त्यांना ३ कोटी रुपये अनामत भरण्याचा आदेश दिला, आणि नंतर दीडशे क्विंटलहून अधिक कचरा निघाल्याच्या बातम्या आल्या. त्याच औलीच्या पायथ्याला असलेल्या जोशीमठात २०२३ च्या जानेवारीत घरांना तडे गेले, माणसे स्थलांतरित झाली. तडे लग्नामुळे गेले असे कोणी म्हणणार नाही; पण त्या उतारांवर किती भार टाकावा, याचा विचार तेथे जाणाऱ्याने करायला हवा. मसुरीच्या लग्नातही सारे निर्मळ नव्हते. प्लास्टिकच्या बाटल्या टाळल्या होत्या, तरी फुलांच्या माळांचा ढीग हॉटेलच्या मागे पडला, आणि पाण्याचे दोन टँकर वर चढवावे लागले. पहाडी गावात टँकर चढतो तेव्हा कुठल्या तरी झऱ्याचे पाणी कमी होते. अण्णांनी हिशेबाच्या वहीत टँकरांची रक्कम लिहिली आणि तिच्याखाली बराच वेळ पेन टेकवून ठेवले.

चित्रफीत सांगलीला पोहोचली फेब्रुवारीत. लांबी अठ्ठावीस मिनिटे. पुण्याहून नात आणि नातजावई आले होते, शेजारची दोन घरे आली. नवऱ्या मुलाच्या फेट्यावर, बेळगावच्या काकांच्या नाचावर बोलणी झाली. पाचव्या पावलाचा हात आला तेव्हा सगळे हसले आणि तो हात कोणाचा, यावर वाद झाला. शेवटी दोन मिनिटे नुसता पहाड होता. लग्न लागून गेल्यावर त्या संध्याकाळी पथकाने मोकळ्या गच्चीवरून ती रेघ टिपली होती, माणसांवाचून. खाली करडे-जांभळे खोरे, वर नारिंगी आकाश, मधोमध ताणलेली सरळ कड आणि तिच्यात हळूहळू शिरणारा सूर्य. आक्का त्या वेळी मसुरीत आपल्या खोलीत सामायिकाला बसलेल्या होत्या, त्यांनी हे पाहिले नव्हते.

“हे परत लाव,” त्या म्हणाल्या.

नातीने परत लावले. आक्का पुढे वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली; पाचला दहा मिनिटे होती. सून पाने मांडायला उठली होती.

“बाकीचं उद्या बघू,” म्हणत त्या हात धुवायला गेल्या.